कातकऱ्याचं नाव कुणाच्या वहीत?

आपल्या कवितेत आदिवासी येतो तो धनुष्य घेऊनच येतो. गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक काढून बसलो आणि मोजत गेलो. एकलव्य आहे, तोडलेला अंगठा आहे, मोहाची फुलं आहेत, पेटलेलं रान आहे. पेण-रोह्याचा कातकरी मात्र एकाही ओळीत नाही. त्याच्या हातात धनुष्य कुठलं! असलीच तर बेचकी असते, खेकड्यांची झोळी असते, नाहीतर वीटभट्टीवरचा साचा. आणि एकलव्य हे नावही त्याचं नाही. ज्यांनी अंगठा मागितला त्यांच्याच पोथीतून आपण ते उसनं आणलं आणि डोंगरातल्या माणसाच्या गळ्यात बांधून मोकळे झालो. पोथी जाळल्याच्या गोष्टी सांगायच्या आणि प्रतिमा मात्र तिथूनच उचलायच्या, हे कसं काय?

म्हणून या लेखात मी कवितेची लय बघणार नाही, आशयाची खोली मोजणार नाही. फक्त नाव बघणार. नाव कुणी ठेवलं, कुठल्या कागदावर लिहिलं, आणि त्या कागदानं माणसाचं काय झालं.

नावावरचं भांडण आपल्याला कुणी शिकवायला नको. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कायद्याच्या मसुद्यात 'हरिजन' शब्द घालायचा घाट घातला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभागृहाबाहेर पडले. आमचं नाव ठेवायला तुम्ही कोण, हा साधा सवाल होता. पुढं १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली, वस्त्या जळाल्या. १९८१ ला आपल्या कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, तेव्हा कुणाच्या घरावर दगड पडला नाही. नाव बदलण्याला व्यवस्थेचा विरोध नसतोच. कुणाचं नाव लागतंय, त्याला असतो.

आता 'कातकरी'. शब्द सरळ आहे. काथ करणारा तो कातकरी. खैराचा लाल गाभा तासायचा, त्याच्या कपच्या मडक्यात उकळायच्या, पाणी आटवत आटवत दाट करायचं, मग वड्या पाडायच्या. तो काथ पानात जायचा, रंगात जायचा, चामडं कमवायला जायचा. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माणूस दिसला नाही, पानाला लागणारा काथ दिसला. गिऱ्हाइकानं ठेवलेलं नाव आहे हे. आपल्याकडंही अशी नावं कमी नव्हती. मेलेलं ढोर ओढतो म्हणून अमुक, दोर वळतो म्हणून तमुक. कामावरून नाव, नावावरून जात, आणि जातीवरून पुन्हा तेच काम.

कातकऱ्याच्या बाबतीत मात्र एक वेगळीच गंमत झाली. गंमत कसली, चोरीच. इंग्रजानं १८७८ चा जंगल कायदा आणला, रानं राखीव झाली, खैरावर सरकारचा हक्क आला. काथाचा धंदा हातून गेला. तरी नाव तेच. काथ करत नाही तो काथकरी! काम काढून घेतलं आणि त्या कामाचा शिक्का तेवढा कपाळावर ठेवला. मग ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्यानंतर विटांच्या. दिवाळी झाली की वाडीच्या वाडी ओस पडते. भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, आठवड्याला खावटी मिळते, हिशेब शेटच्या वहीत असतो. पावसाच्या तोंडाला परत यायचं, तेव्हा वही सांगते की अजून देणं बाकी आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. वही त्याच्या आधीची आणि नंतरचीही. त्या वहीत नाव कसं लिहितात ते एकदा बघा. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. 'कातवडी, जोडपी चार.'

गावात बोलताना 'कातकरी' कुणी म्हणत नाही, 'कातवडी' म्हणतात. मळकट पोराला आई ओरडते, 'कातवड्यासारखा काय राहतोस!' हे वाक्य मी बामणाच्या घरातून ऐकलं, आगऱ्याच्या अंगणातून ऐकलं आणि आपल्या वस्तीतूनही ऐकलं. शेवटच्याकडं मी पुन्हा येणार आहे.

पुस्तकांत काय लिहिलंय? जॉन विल्सन नावाच्या मिशनऱ्यानं १८४३ मध्ये वारली आणि 'कातोडी' यांच्यावर लिहिलं. १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्याची गॅझेटियरं आली. १९३४ मध्ये वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक निघालं, ते समाजशास्त्रीय अभ्यास म्हणून. पाहणारा दर वेळी बाहेरचा. गॅझेटियरात त्यांची दारू आहे, चोरी आहे, उंदीर खाणं आहे. त्यांचा खैर कुणी नेला त्याची नोंद महसुलाच्या पानांवर, वेगळ्या प्रकरणात. दोन्ही प्रकरणं एकाच जाड पुस्तकात बांधलेली असून एकमेकांशी बोलत नाहीत.

त्या गॅझेटियरांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आणि ती नंतरच्या सगळ्यांनी उतरून घेतली. कातकरी म्हणे स्वतःला रामाच्या सैन्यातल्या वानरांचे वंशज सांगतात. ही गोष्ट वाचून आपला कार्यकर्ता दोन प्रकारे चिडतो. एक म्हणतो, बघा, बामणांनी यांच्या डोक्यात काय भरवलं. दुसरा म्हणतो, ही कथा छापूच नका, अपमान आहे. मला दोन्ही पटत नाही. आपल्याही बापजाद्यांच्या तोंडी गाय खाल्ल्याची कथा घातलेली होती, महामुनीची. बाबासाहेबांनी ती लाजून झाकली नाही. गाय खाणं आणि अस्पृश्यता यांचा संबंध काय, असा इतिहासाचा प्रश्न समोर ठेवला आणि १९४८ ला त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तोच प्रश्न इथं करून बघा. गॅझेटियरवाला वानर लिहितो तेव्हा त्याला जनावर म्हणायचं असतं. सांगणारा कातकरी तेच सांगत असेल कशावरून? त्याच्या बाजूनं गोष्ट अशी होते: राजा अडला होता, आम्ही त्याची लढाई लढलो, तो जिंकून गेला आणि आम्ही रानातच राहिलो. ही तक्रार आहे. मजुरी बुडाल्याची तक्रार. ती वंशावळ म्हणून छापली गेली.

असं दुसरीकडंही घडलंय. दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं मोठं सरोवर आहे. तिथं उरू लोक राहतात. पाण्यात उगवणारं लव्हाळं कापून त्याचे थर रचतात आणि त्या तरंगत्या बेटांवर घरं बांधतात. काठावरचे आयमारा लोक त्यांना हलकं समजत, स्पॅनिश आले त्यांनीही तेच लिहिलं. उरूंच्या परंपरेत सांगतात की आम्ही सूर्याच्याही आधीचे, आमचं रक्त काळं, म्हणून आम्हाला थंडी लागत नाही. लिहिणाऱ्यानं ऐकलं ते एवढंच, की हे स्वतःच म्हणतात आम्ही माणसं नाही. 'आधीचे' हा शब्द त्याच्या कानावरून गेला. पुढं उरूंची भाषा गेली, ते आयमारा आणि स्पॅनिश बोलू लागले. मग शेजारीच म्हणायला लागले की खरे उरू केव्हाच संपले, बेटांवरचे हे नुसतं नाव लावतात. आधी नावावरून हिणवायचं, मग ते नावही तुझं नाही म्हणायचं. पेणच्या डोंगरातल्या कातकरी पोराला हे सांगितलं तर त्याला नकाशा दाखवावा लागणार नाही. त्याची कातकरी बोली शाळेत चालत नाही, आणि मराठी बोलला की दाखल्याच्या टेबलावर विचारतात, 'तू आदिवासी वाटत नाहीस रे!'

आता ज्या जागी आपल्याला बोचलं पाहिजे तिथं येतो. सरकारी यादीत, म्हणजे अनुसूचित जमातींच्या यादीत, नोंद अशी आहे: काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी. हे 'सोन' आणि 'ढोर' काय आहे? जो गोमांस खात नाही तो सोन, जो खातो तो ढोर. (चामडं कमावणाऱ्या ढोर जातीशी याचा गोंधळ करू नये, ती वेगळी.) बघा, जातीबाहेरची जमात, देवळाबाहेरची, गावाबाहेरची, तिच्यातही गाईच्या मांसावरून पायरी केली. एकाला सोनं म्हटलं, दुसऱ्याला ढोर. बाबासाहेबांनी म्हटलं होतं की गोहत्या पाप ठरली आणि गोमांस न सोडणारे पराभूत, पांगलेले लोक अस्पृश्य झाले. इसवी सन ४०० च्या सुमाराची गोष्ट. ते पुस्तक वाचून आपण टाळ्या पिटतो. त्याच यंत्राचा एक भाग आपल्या डोंगरात शिल्लक राहिला, स्वतंत्र भारताच्या राजपत्रातही छापला गेला, आणि आपल्या एकाही समीक्षकानं त्यावर ओळ लिहिली नाही. आपले समीक्षक अजून सदाशिवपेठेशी हुज्जत घालण्यात गुंतलेत.

साहित्याचं म्हणाल तर मराठीत आदिवासी आले, नाही असं नाही. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० चं. त्यातला वारली वेठीविरुद्ध उभा राहतो, ते लिहिणारी बाई त्यांच्यात राहिलेली होती. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' १९६५ ची. पेणकडं येताना डाव्या-उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसतो त्या मुलखातल्या ठाकरांची गोष्ट. १९७७ ला जब्बार पटेलांनी तिचा सिनेमा केला, गाणी घराघरात गेली. मीही ती गुणगुणतो, खोटं का बोला. पण सिनेमा संपल्यावर शहरातल्या पांढरपेशाला काय मिळालं? ढोल, मध, देखणी माणसं. ठाकर त्याला आवडला, कारण ठाकर गातो. कातकरी त्या रानात शेजारीच राहतो आणि त्याला ठाकरही खालचा समजतो, ही गोष्ट गाण्यात मावत नाही. कादंबरीकारावर माझा राग नाही. राग आहे तो आपल्या निवडीवर: आदिवासी म्हणजे सुंदर आदिवासी, हे आपण त्यांच्याकडून तसंच्या तसं घेतलं. अलीकडच्या लिखाणात मिलिंद बोकील यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक जमिनीपासून बोलतं, ते कार्यकर्त्यांनी वाचावंच. तरी लिहिणारा हात पुन्हा बाहेरचाच.

सरकारनं आणखी एक नाव ठेवलं. १९७५-७६ पासून काही जमातींना 'आदिम जमात' म्हणायला लागले. महाराष्ट्रात अशा तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत कातकरी सुमारे २ लाख ८५ हजार. 'आदिम' म्हणजे काय? मागे राहिलेले, अजून माणसात न आलेले, हाच वास त्याला येतो. २००६ मध्ये केंद्रानं तो शब्द टाकला आणि 'विशेष दुर्बल आदिवासी गट' असं नवं नाव दिलं. आदिम गेला, दुर्बल आला. पण त्याच साली झालेल्या वनहक्क कायद्यात जुना शब्द राहिला: आदिम जमातींना त्यांच्या अधिवासाचा हक्क आहे, असं कलम त्यात आहे. म्हणजे ज्या शब्दाची चीड यावी त्याच शब्दाला रानावरचा हक्क बांधलेला. २०२३ मध्ये घरं, रस्ते, पाणी यांची मोठी योजना आली, तीही याच 'दुर्बल' नावावर.

इथं कुणी घाईनं म्हणेल, असलं नाव लाथाडून टाका. त्यानं आधी आपल्या घरातली कागदांची पेटी उघडावी. १९५६ ला धम्मदीक्षा घेतली. ज्यांनी कागदावर 'बौद्ध' लिहिलं त्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या कायद्यानं परत मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं एकेका घरात भावाभावांची भांडणं झाली. थोरला 'बौद्ध' लिहून नोकरीला मुकला, धाकटा पोराच्या दाखल्यावर 'महार' लिहून साहेब झाला आणि जयंतीला खाली मान घालून बसला. कुणाला गद्दार म्हणायचं? नाकारलेलं नाव आणि त्याला बांधलेली भाकर, हा गुंता आपण भोगलाय. म्हणूनच कातकऱ्यानं 'आदिम' लावावं की झुगारावं, हे आपण भाषणातून ठरवू नये.

जमिनीच्या कागदात तर नाव आणखीच पातळ होतं. इंग्रजांच्या काळात या जिल्ह्यात डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी दळी जमिनी दिल्या, त्या एकेका माणसाला नाही, गटाला. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पण सातबाऱ्यावर वनखातं. वनहक्काचा दावा लावायला गेलं की पुरावा मागतात. गटातल्या कुणाचं नाव कुठं आहे, आजा कोण, पणजा कोण? ज्यांचं नाव कुणी धड लिहूनच घेतलं नाही त्यांच्याकडं लिखित पुरावा मागायचा! रोहा-माणगाव भागात सर्वहारा जन आंदोलनानं या दळीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ते फुकटचे नव्हेत. वाडीचंही तेच. घर कातकऱ्याचं, घराखालची जागा खातेदाराची. रस्ता झाला, जमिनीला भाव आला, मुंबईचा बंगलेवाला आला, की खातेदाराला आठवतं की ही वाडी आपल्या सातबाऱ्यावर बसलीय. मराठीत आपण म्हणतो 'नाव लागलं', ते पाटीवर लागण्याला नाही म्हणत, सातबाऱ्यावर लागण्याला म्हणतो.

२५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या यादीत एक नाव आहे, नाग्या महादू कातकरी. दरवर्षी पुढारी ते वाचतात. यादीत त्याची जमातच त्याचं आडनाव झालीय. ज्या रानासाठी तो मेला ते रान राखीवच राहिलं, इंग्रज गेल्यावरही.

आडनावावरून आठवलं. रोह्याच्या बाजूला एका वाडीत अर्ज भरायला बसलो होतो. दोन सख्खे भाऊ आले. थोरला पवार, धाकटा हिलम. म्हटलं, हे कसं? थोरला म्हणाला, 'मास्तरानं शाळेत घातला तवा पवार लिवला. त्याला हिलम लिवता येत नव्हता का काय, म्हाईत नाय.' धाकट्याला दुसरे मास्तर होते, त्यांनी विचारून लिहिलं. आता थोरल्याच्या पोराला जमातीच्या पडताळणीत चुलत्याचा दाखला जोडता येत नाही. एका मास्तराच्या आळसानं एक घर दोन कुळांचं केलं. त्यांची म्हातारी बाजूला बसली होती. मी म्हटलं, 'मावशी, तुम्ही कोण, पवार का हिलम?' म्हातारी म्हणाली, 'मी दोघांचीबी आय.' आणि तंबाखू मळायला लागली.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित कोण याची व्याख्या केली. त्यात अनुसूचित जाती आल्या, जमाती आल्या, बौद्ध, भूमिहीन, कष्टकरी, स्त्रिया आल्या. मोठं मन होतं, मोठं स्वप्न होतं, ते मी आजही मानतो. पण त्या व्याख्येत कातकरी आला तो बोलावल्यावर आला की यादीत घातला गेला? आणि आला म्हणता, तर आपल्या ओटीवर आला का? याच जिल्ह्यात महाडचं तळं आहे. २० मार्चला आपण बसगाड्या भरून जातो. परत येताना वाटेत कातकरवाडी लागते, तिथं गाडी थांबत नाही. आपल्या किती वस्त्यांत लग्नाच्या पंगतीला कातकरी बसतो? लाकूड फोडायला येतो, शेतावर येतो, चहा मिळतो तो वेगळ्या कपात, तोही अंगणात. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं होतं, ती ही. वरच्या पायरीला शिव्या घालत खालच्या पायरीवर पाय ठेवून उभं राहायचं. 'कातवड्यासारखा' हे वाक्य आपल्या घरातून बंद होत नाही तोवर 'आदिवासी बांधवांनो' ही ओळ कवितेत शोभत नाही.

ढोर हा शब्द यादीतून काढा, असा ठराव एका बैठकीत आपल्यातल्या काहींनी मांडला. भावना चांगली. पण ज्यांच्या दाखल्यावर 'ढोर कातकरी' लिहिलंय त्यांच्या दाखल्यांचं उद्या काय होणार, हे त्यांना विचारलं? त्यातला एकही माणूस त्या बैठकीत नव्हता. मी ठरावाला हात वर केला नाही. ठराव व्हावा, पण त्यांच्या वाडीत, त्यांच्या बोलीत. शब्द ठेवायचा, बदलायचा की आधी दाखले सांभाळून मग काढायचा, हे ज्याच्या कागदावर तो आहे तो बोलेल.

पुढच्या अंकाची दोन पानं मी संपादकांकडून मागून घेतलीत. त्या हिलमांच्या घरातला एक पोरगा बारावीला आहे, तो आणि त्याचा मित्र लिहितो म्हणाले. कविता नको म्हणाले, भट्टीवरचा हिशेब लिहितो. एकानं विचारलं, 'दादा, आमच्या बोलीत लिवला तर छापाल का?' छापू म्हणालो. दुसऱ्यानं बजावलं, 'आन्‌ खाली शब्दांचे अर्थ नका देऊ.'